कुमुदताईंना सांगितलेला शेवट

डोळा लागतोय हे मला कळतंय, आणि मी तो लागू देत नाहीये. रविवारची सकाळ आहे, सव्वादहा वाजलेत. पोटात दोन बशा पोहे, मांडीवर लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर कुमुदताईंचं चॅनल, आतल्या बाजूने उघडलेलं. अकरा वाजता त्यांचा एक व्हिडिओ आपोआप प्रसिद्ध होणार आहे. त्याच्या शेजारी कचऱ्याच्या डब्याचं छोटं चित्र आहे आणि माझं बोट त्या चित्राच्या अगदी जवळ आहे.

कुमुदताईंना जाऊन एकोणीस दिवस झालेत.

झोप येण्याआधी सगळं सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस गेलेल्या बाईच्या घरात शिरलेला चोर आहे. आमचा एक कट्टा आहे, परग्रह कट्टा. कराड, नगर, नांदेड, डोंबिवली, असे कुठले कुठले अकरा जण. विज्ञानकथा वाचायच्या आणि आपापल्या चॅनलवर, कॅमेऱ्यासमोर बसून त्यांच्याबद्दल मत द्यायचं, एवढाच उद्योग. मी यशोधन पाटणे, कराडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. कुमुदताई शेवाळे नगरच्या, टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांचं चॅनल ‘कुमुद वाचते’. कट्ट्यात सगळ्यात जास्त लोक त्यांचंच ऐकतात. त्यांच्या व्हिडिओंवरची चित्रं मी करून द्यायचो, म्हणून पासवर्ड माझ्याकडे.

कट्ट्याचे नियम दोनच. एका पुस्तकावर सगळ्यांची मतं एकाच रविवारी, अकराच्या ठोक्याला. त्याआधी कुणी कुणाचं मत विचारायचं नाही, बघायचं नाही. आणि दुसरा म्हणजे, ज्याचं पुस्तक वाचून झालेलं नाही त्याला शेवट सांगायचा नाही. नांदेडच्या गुंडेवारांनी एकदा सांगितला, तर शिक्षा म्हणून त्यांना प्रेशर कुकरचं माहितीपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांसमोर लाइव्ह वाचावं लागलं होतं. रबराच्या रिंगेचा भाग आला तेव्हा माणूस रडायच्या बेतात होता.

आजचं पुस्तक माझं आहे. पहिलंच. ‘टायटनची चौकी’. नऊ वर्षं लिहीत होतो. छापण्याआधी कट्ट्यातल्या सगळ्यांना प्रती काढून पाठवल्या, आज सगळ्यांची मतं येणार, उद्या पुस्तक छपाईला जाणार. मागच्या पानावर कुमुदताईंच्या दोन ओळी टाकायच्या म्हणून माझे प्रकाशक बोधे थांबून राहिलेत. आणि माझी खात्री आहे, कुमुदताईंना पुस्तक आवडलेलं नाही.

पुरावा आहे माझ्याकडे. व्हिडिओ फक्त सहा मिनिटांचा आहे. आवडलेल्या पुस्तकावर त्या चाळीस-चाळीस मिनिटं बोलायच्या. सहा मिनिटं म्हणजे बोळवण. शिवाय दोन महिन्यांपूर्वी मी फोन केला तर म्हणाल्या, “वाचतेय रे, वाचतेय.” एकच गोष्ट दोनदा सांगणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं. मी रुसलो. पुन्हा फोन केला नाही. त्या दवाखान्यात आहेत हे कट्ट्यावर कळलं, तेव्हाही ‘ताई, लवकर बऱ्या व्हा’ एवढं टाकून गप्प बसलो. कराडहून नगर किती लांब आहे हे मी नकाशात बघितलं आणि नकाशा बंद केला. याची लाज वाटते मला, खरंच वाटते. पण लाज वाटते म्हणून संशय काही जात नाही.

व्हिडिओ मी बघितलेला नाही. नियम आहे, आणि हिंमतही नाही. पण डबा दाबला की प्रश्न मिटला. गेलेल्या माणसाचा व्हिडिओ आला नाही तर कोण विचारणार आहे?

बोट जड होतंय. पडद्यावरची अक्षरं ओल्या कागदावरच्या शाईसारखी पसरतात, आणि त्या जागी आमच्या कट्ट्याची ऑनलाइन मीटिंग दिसायला लागते. नेहमीचे चौकोन, नेहमीचे चेहरे. गुंडेवार पाणी पितायत. माझ्या चौकोनात मी खुर्चीत बसलोय आणि माझ्या पाठीमागे, आमच्या दिवाणावर, पाय पोटाशी घेऊन कुमुदताई बसल्यात.

मी मागे वळून बघतो. दिवाण रिकामा. चादरीला सुरकुतीसुद्धा नाही.

“मागे काय बघतोस? समोर बघ,” पडद्यातल्या कुमुदताई म्हणतात.

मी घाबरत नाही. आयुष्यभर विज्ञानकथा वाचल्याचा एवढा तरी उपयोग असतो. हे स्वप्न आहे हे मला लगेच कळतं. पण नुसतं स्वप्नच आहे का, हे कळत नाही. हल्ली कुणाचाही चेहरा बनवता येतो, आवाज बनवता येतो. ताईंचे चारशेच्या वर व्हिडिओ पडलेत. तेवढ्यात अख्ख्या कुमुदताई तयार होतील, वर चार व्हिडिओ उरतील.

“तुम्ही खऱ्या कशावरून?” मी विचारतो.

“नमस्कार नाही, चमत्कार नाही. एकदम कशावरून?”

“सांगा ना.”

“बरं, घे परीक्षा.”

“तुम्ही मला पहिलं पुस्तक पाठवलं होतं, ते कशात गुंडाळलं होतं?”

“ह्यांच्या जुन्या लुंगीत. पोस्टातला माणूस दोनदा विचारत होता, बाई, आत नक्की काय आहे.”

बरोबर आहे. पण बरोबर असून उपयोग काय? हे मलाही माहीत आहे. म्हणजे ही बाई माझ्याच डोक्यातून उचलून बोलत असणार. आणि मला माहीत नसलेलं काही सांगितलं, तर ते खरं की खोटं हे मी कसं ठरवणार? हात टेकले. बाकीच्या चौकोनांतले नऊ जण शांतपणे आमच्याकडे बघतायत, जणू यात काही विशेष नाही.

“तुझी शंका रास्त आहे,” त्या म्हणतात. “मीही पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं.”

“कुणाला?”

“ते राहू दे.”

मला ते ‘राहू दे’ आवडत नाही. मी लॅपटॉपचं झाकण खाडकन बंद करतो.

झाकण बंद झाल्याचा आवाज खटका बसल्यासारखा येतो. मी एका लांब खोलीत उभा आहे. भिंतभर काळं लाकडी बोर्ड, त्यात भोकांच्या रांगाच रांगा, आणि समोर उंच स्टुलावर कानाला हेडफोन लावून कुमुदताई. नगरचं जुनं एक्स्चेंज असणार. मी ते कधी बघितलेलं नाही, त्यामुळे ते बरोबर आहे की नाही हे मला सांगता येत नाही, आणि त्याचाही मला राग येतो. प्रत्येक भोकाखाली नंबर असायला हवा, तिथे पुस्तकांची नावं चिकटवलेली आहेत. ताई टोकाला पिन असलेली एक दोरी उचलतात, भोकात खुपसतात, ऐकतात, मान डोलावतात, काढतात.

“काय ऐकताय?”

“सुरुवाती.” त्या दुसरी दोरी उचलतात. “एकतीस वर्षं हेच केलं. ट्रंककॉल जोडून द्यायचा, ‘बोला’ म्हणायचं, दोघं बोलायला लागली की खटका वर. ऐकायची परवानगी नाही. कुणाची मुलगी बाळंत झाली, मुलगा की मुलगी, कळायचं नाही. कुणाचा बाप आजारी, जगला की गेला, कळायचं नाही. नुसतं ‘हॅलो, अहो ऐका, इकडे ना...’ आणि खटका.”

“म्हणून वाचायला लागलात?”

“नाहीतर काय. पुस्तकात कुणी खटका वर करत नाही.” त्या दोरी हातात धरून माझ्याकडे वळतात. “तुझ्या त्या इरावतीचं काय झालं रे? शेवट काय केलास?”

मी कान टवकारतो. इरावती माझ्या पुस्तकातली. शनीच्या चंद्रावर, टायटनवर, एका चौकीत ती एकटी राहते. पृथ्वीवरून दोनशे बारा झोपलेली माणसं घेऊन एक जहाज निघालेलं आहे, आणि ते येईपर्यंत चौकीवरचा दिवा तेवत ठेवायचा, एवढंच तिचं काम. तिशीत तिथे गेलेली इरावती आता सत्तरीला आलीये. माझ्या शेवटात जहाज येतं. येतं, आणि न थांबता निघून जातं. इरावती ते दिसेनासं होईपर्यंत बघते आणि दिवा मालवते. हा शेवट लिहिला त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. बोधेंनी वाचला आणि फोनवर म्हणाले, पुस्तक मी घेतलं.

आणि ज्यांना मी अख्खं पुस्तक पाठवलंय, त्या मला विचारतायत शेवट काय केलास.

“तुम्ही वाचलाय ना,” मी सावधपणे म्हणतो.

“तू सांग की.”

“मी का सांगू? मत तुम्ही द्यायचंय.”

“मत कुठे मागतेय मी तुझ्याकडे? शेवट मागतेय.”

म्हणजे ही युक्ती आहे. माझ्या तोंडून शेवट वदवून घ्यायचा, मग भुवई उंचावून म्हणायचं, ‘हं, असं आहे होय?’ एका कादंबरीवर त्यांनी अगदी असंच केलं होतं. त्या लेखकाला कॅमेऱ्यासमोर त्याच्याच गोष्टीचा शेवट सांगायला लावला आणि सांगता सांगता त्यालाच तो पटेना.

“नियम आहे ताई,” मी म्हणतो. “अकराच्या आधी नाही.”

“नियम,” त्या म्हणतात, आणि खटका वर करतात.

आता आमची कॉलेजची प्रयोगशाळा. स्टुलं टेबलांवर उलटी चढवून ठेवलीत, एकच खाली आहे. त्यावर कुमुदताई बसल्यात, हात मांडीवर, तोंडी परीक्षेला आलेल्या मुलीसारख्या. मी टेबलाच्या पलीकडे. माझ्या पुढ्यात गुणपत्रिका आहे. हे मला बरं वाटतं, निदान इथे मी कोण आहे हे नक्की आहे.

“पान बारा,” मी विचारतो. “इरावती चौकीत आल्यावर पहिल्यांदा काय करते?”

“चुलीची जागा शोधते. मग स्वतःलाच हसते.”

“पान सत्तर?”

“दिव्याची काच पुसताना तिला कुणीतरी नखाने कोरलेलं नाव सापडतं. तिच्या आधी जो होता, त्याचं. ते फार छान आहे रे. तिथे मी थांबले थोडा वेळ.”

मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी देतो. पण तोंडी परीक्षेत चांगली उत्तरं देणारे नेमके पुढच्या प्रश्नाला अडकतात, हे मला अठरा वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे.

“पान एकशे ऐंशी?”

कुमुदताई खिडकीबाहेर बघतात. खिडकीबाहेर कॉलेजचं मैदान असायला हवं. तिथे टायटनवरचं नारिंगी धुकं आहे आणि त्यात बॅडमिंटनचं नेट लावलेलं आहे.

“ताई, पान एकशे ऐंशी.”

“ते नव्हतं आम्हाला, सर.”

“नव्हतं म्हणजे?”

“अभ्यासक्रमात नव्हतं.” आणि पुन्हा तेच. “सांग ना. जहाज येतं का?”

मी गुणपत्रिकेवर मोठं शून्य काढतो. पेन उमटत नाही. मला कळून चुकतं की त्या टाळतायत. शेवटाकडची पानं त्यांना इतकी वाईट वाटलीत की वाचलीच नाहीत असं दाखवतायत. माझं मन मोडू नये म्हणून! हे तर आणखी वाईट. मला कुमुदताईंची दया नकोय. पाच वर्षं त्यांनी कुणावर दया केली नाही, म्हणून तर आम्ही सगळे त्यांच्या शब्दाला जपायचो.

“स्पष्ट सांगा,” मी ओरडतो. “आवडलं नाही ना?”

माझा आवाज वर छताला लागतो आणि छत खाली येतं. ते पांढरं आहे, त्यावर एक पंखा आहे आणि पंखा फिरत नाहीये. मी आडवा आहे. अंगावर हिरवी चादर, हाताला सुई, मनगटाला पट्टी, आणि पट्टीवर कुमुदताईंचं नाव. दवाखाना. ज्याच्या दारापर्यंतसुद्धा मी गेलो नव्हतो तो. कॉटच्या शेजारी भेटायला येणाऱ्यांचं लोखंडी स्टूल, आणि त्या स्टुलावर त्या, इस्त्रीच्या साडीत, खणखणीत. मांडीवर कागदाची पुडी.

“बरा आहेस का?” त्या विचारतात. “म्हटलं जाऊन यावं. काय फार लांब नाही.”

ते ‘फार लांब नाही’ मला लागतं. मुद्दाम म्हणाल्या असणार. मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधतो. सापडत नाही.

“मी यायला हवं होतं ताई,” मी म्हणतो. “चुकलं माझं.”

“हो. मी वाट बघितली.” एवढंच. रागावत नाहीत, समजूतही काढत नाहीत. पुडी उघडतात. भाजलेले शेंगदाणे आहेत. मूठभर घेऊन तळहातांत चोळतात आणि फुंकर मारतात. तांबूस फोलपटं उडून माझ्या चादरीवर, छातीवर पडतात. “घे. दवाखान्यातल्या जेवणाला चव नसते.”

मी घेतो. गरम आहेत. खारट आहेत. क्षणभर मला वाटतं की सगळं विसरून नुसते शेंगदाणे खात बसावं.

“आता सांग,” त्या म्हणतात. “वेळ होत आलाय. जहाज येतं का, आणि आलं तर थांबतं का?”

या वेळी मी तयार असतो. मला सापळा सुचलाय. मी खोटा शेवट सांगणार. त्यांनी पुस्तक वाचलं असेल तर त्या तिथल्या तिथे पकडतील. त्या माझ्या डोक्यातून आलेल्या असतील तरी पकडतील, कारण माझ्या डोक्यात तोच शेवट भरलेला आहे. काहीही असो, या नाटकाचा पडदा पडेल.

“येतं,” मी म्हणतो. “आणि थांबतं.”

त्यांचा चोळणारा हात थांबतो.

“दार उघडतं,” मी तोंडाला येईल ते सांगत सुटतो. “इरावती तिथेच उभी असते. चाळीस वर्षांत तिने काय बोलायचं ते पाठ केलेलं असतं, सगळं भाषण. आणि जहाजातून एक म्हातारा उतरतो. बाकीचे अजून झोपेतच. तो डोळे चोळतो, तिच्याकडे बघतो आणि म्हणतो, चहा मिळेल का?”

“मग?” कुमुदताई पुढे वाकल्यात. “ती काय म्हणते?”

“ती म्हणते, मिळेल. पण साखर संपलीय.”

मी थांबतो. आता पकडतील. आता म्हणतील, गाढवा, असं कुठेय त्यात?

कुमुदताई हसतात. व्हिडिओत हसायच्या तसं नाही. तिथे त्या ओठ मिटून हसायच्या, कारण पुढचा एक दात पडलेला होता. इथे तोंड भरून हसतात, दात पडलेल्या जागेसकट. पुडी मांडीवरून घसरते. डोळ्यांच्या कडा पदराने पुसतात.

“साखर संपलीय,” त्या म्हणतात. “चाळीस वर्षं, आणि साखर संपलीय! अरे, किती बरं केलंस. मला वाटलं होतं तू थांबवणार नाहीस जहाज. तुझा स्वभाव बघता.”

वा ताई, काय अभिनय आहे, असं मनात म्हणतो.

“झालं मग,” त्या म्हणतात, आणि उठतात. स्टूल सरकल्याचा आवाज होतो. “पटला शेवट. जाते मी.”

“ताई, थांबा. खरंच पटला?”

“आता मत विचारतोस? अकरा वाजायचेत अजून.” दाराशी जाऊन त्या हात हलवतात आणि बाहेर पडतात, दिवसभराचं काम संपवून घरी निघालेल्या माणसासारख्या. पंखा फिरायला लागतो.

पंखा आमच्याच खोलीतला आहे. मी खुर्चीत. मान अवघडलीय. घड्याळात दहा एकोणपन्नास. स्वयंपाकघरात अनघा, माझी बायको, मिक्सर चालवतेय. लॅपटॉप मांडीवर तसाच, बोट चित्रापासून चार अंगुळं घसरलेलं.

अकरा मिनिटं आहेत. सवयीप्रमाणे मी स्वप्न तपासायला घेतो, कुठे काय बनाव होता ते शोधायला. एक गोष्ट काही केल्या बसत नाही. माझ्या डोक्यातून आलेल्या कुमुदताईंना शेवट माहीत असायला हवा होता. त्यांना माहीत नव्हता.

मी डब्याचं चित्र सोडून देतो, नियम मोडतो आणि व्हिडिओ लावतो.

कॅमेरा फार जवळ आहे. नाकात नळी, डोक्याला रुमाल, चेहरा अर्धा झालेला. पण आवाज तोच, ‘बोला’ म्हणणारा.

“नमस्कार. कुमुद वाचते. आज मात्र कुमुदचं वाचून झालेलं नाही. एकशे सेहेचाळीस पानं झालीत. यशोधनचं पुस्तक आहे, घाईने वाचायचं नाही असं ठरवलंय, आणि तसंही आता दिवसाला दोनच पानं होतात. अर्धवट पुस्तकावर मी मत देत नाही, त्यामुळे मत नाही. पण त्या रविवारी माझी जागा रिकामी दिसायला नको, म्हणून एवढं करून ठेवतेय.” त्या दम घेतात. “मला वाटतं जहाज थांबावं. थांबायला पाहिजे. पण यशोधन, सांगू नकोस हं. कुणीच सांगू नका. मी वाचणार आहे.”

त्यांना वाटतं त्यांनी कॅमेरा बंद केलाय. केलेला नाही. त्या चष्मा लावतात, माझ्या पुस्तकाची जाड प्रत उशीवर टेकवतात आणि वाचायला लागतात. ओठ हलतात. बोट ओळीखालून सरकतं, थांबतं, परत त्याच ओळीच्या सुरुवातीला येतं. मी बघत राहतो. साडेतीन मिनिटं. पान उलटत नाही.

व्हिडिओ संपतो.

मी चेहरा दोन्ही हातांत धरून बसतो. त्या लपवत नव्हत्या. दोन महिने मी ज्याला बोळवण समजून रुसलो होतो, ते दिवसाला दोन पानं होतं. आणि आज त्या विचारायला आल्या, तीनदा, चारदा, तर मी त्यांची तोंडी परीक्षा घेतली, आणि वर खोटा शेवट देऊन पाठवलं. त्या तो घेऊन गेल्या. हसत गेल्या.

अकरा वाजतात. मी काहीही दाबत नाही. कुमुदताईंचा व्हिडिओ प्रसिद्ध होतो. त्याच्या वरखाली बाकीच्यांचे एकेक करून येतात, गुंडेवारांचा पन्नास मिनिटांचा. मी एकही उघडत नाही. बोधेंना फोन लावतो.

“पाटणे! आली का ताईंची ओळ?”

“ताईंनी मत दिलेलं नाही. मागचं पान कोरं ठेवा. आणि बोधे, शेवट बदलायचाय.”

“उद्या छपाई आहे हो!”

“शेवटची चार पानं फक्त. संध्याकाळपर्यंत देतो.”

“अहो, आहे त्या शेवटाला काय झालंय? काळजाला हात घातलाय तुम्ही. मी त्या शेवटावर पुस्तक घेतलंय.”

“मला माहितीय. पण एका वाचकाला मी वेगळाच शेवट सांगून बसलोय.”

“मग त्या वाचकाला फोन करून सांगा ना, चुकून सांगितला म्हणून.”

“तिथे फोन लागत नाही,” मी म्हणतो.

बोधे विचारतात, “काय होतं बदललेल्या शेवटात?”

“जहाज थांबतं. एक म्हातारा उतरतो आणि चहा मागतो.”

“पाटणे,” बोधे अगदी हळू म्हणतात, “लोक हसतील.”

“हो. त्या हसल्या ना, मी बघितलंय.”

त्यांना काय कळलं असेल ते असो, पण संध्याकाळी सहाची मुदत देऊन ते फोन ठेवतात. पुस्तक पडेल कदाचित. नऊ वर्षांच्या कामाचा शेवट मी पोहे खाऊन आलेल्या झोपेत बडबडलेल्या चार वाक्यांवर ठरवतोय. मला भीती वाटते. मी लॅपटॉप सरळ करतो, शेवटची चार पानं निवडतो आणि पुसून टाकतो.

सदऱ्यावर काहीतरी आहे. पहिल्या बटणाजवळ, घडीत अडकलेलं. मी ते दोन बोटांत धरून उजेडात नेतो. पातळ, तांबूस, कागदासारखं. भाजलेल्या शेंगदाण्याचं फोलपट.

“अनघा,” मी हाक मारतो. “पोह्यांत शेंगदाणे घातले होतेस?”

मिक्सर थांबतो. “शेंगदाणे? लग्नाला चौदा वर्षं झाली. मला शेंगदाण्याने घसा सुजतो, दाणा येतो का कधी या घरात? काय झोपेत आहेस का अजून?”

“हो,” मी म्हणतो. “नाही. काही नाही.”

शेजाऱ्यांकडून उडून आलं असेल. काल कॉलेजातून येताना चिकटलं असेल, पण सदरा धुतलेला, आज सकाळीच घातलेला आहे. मी या दिशेने आणखी थोडा वेळ विचार करू शकतो, सवय आहे. करत नाही. जिभेवर मीठ आहे. फोलपट मी सदऱ्याच्या खिशात ठेवतो आणि जहाज थांबवायला बसतो.